खानदेशातले ऊन, सोलरची वीज आणि लोकांचे रास्त प्रश्न

केंद्र सरकारची 'प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना' आणि राज्य सरकारची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना या दोन्ही २०२४ मध्ये आल्या. तेव्हापासून जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत सोलरबद्दल बोलले जात नाही असे गाव क्वचितच सापडेल. चावडीवर आणि बाजारात लोक जे विचारतात ते नेमके असते. लाइट गेल्यावर घरात पंखा चालेल का? श्रावणातल्या झडीत काय होणार? दोनशे-तीनशे फूट खोल बोअरमधून सोलरची मोटार पाणी ओढेल का? प्रकल्पाला भाड्याने दिलेली जमीन पुढे मुलांच्या हाती येईल का? असे विचारणाऱ्याला विकासाचा विरोधक किंवा अडाणी ठरवून गप्प करण्याची एक रीत पडली आहे आणि ती मला अत्यंत चुकीची वाटते. यातले बहुतेक प्रश्न रास्त आहेत. काहींची उत्तरे सोलरच्या बाजूने जातात, काहींची जात नाहीत, आणि दोन्ही प्रकारची उत्तरे लोकांना सही करण्याआधी मिळायला हवीत.

वीज उन्हाच्या उजेडातून होते, उष्णतेतून नाही

भुसावळ-जळगावच्या मे महिन्याच्या उन्हात सर्वांत जास्त वीज तयार होत असेल, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सौर पॅनेल उन्हातल्या प्रकाशावर चालते. सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर प्रकाश पडला की त्यांतील इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तारेतून वाहू लागतात. उष्णतेमुळे हे काम उलट मंदावते. पॅनेलवर छापलेली क्षमता त्याचे स्वतःचे तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. हवा ४४ अंशांवर गेली की उन्हात तापलेले पॅनेल सहज ६५ ते ७० अंशांवर पोहोचते, आणि २५च्या वर गेलेल्या प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. म्हणजे वैशाखातल्या भर दुपारी पॅनेल आपल्या ताकदीतले १२ ते १८ टक्के केवळ तापल्यामुळे गमावते. फेब्रुवारी-मार्चमधील स्वच्छ आणि त्या मानाने थंड दुपार त्याला अधिक मानवते.

तरीही खानदेश सौर ऊर्जेला अनुकूल आहे, कारण पावसाळ्याचे महिने सोडले तर येथील आकाश बहुतेक काळ निरभ्र असते. येथे एक किलोवॅटचा संच वर्षभराची सरासरी धरता दिवसाला साधारण चार युनिट वीज देतो. किलोवॅट म्हणजे संचाची ताकद आणि युनिट म्हणजे त्या ताकदीने तासभर झालेले काम. एक किलोवॅटची इस्त्री तासभर चालू ठेवली की एक युनिट खर्च होते. लेखात पुढे हे दोनच शब्द पुन्हा पुन्हा येतील.

हे तंत्रज्ञान आता प्रयोगावस्थेत राहिलेले नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा (एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट) सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. देशातील मोठ्या प्रकल्पांच्या लिलावात २०१०च्या सुमारास सौर विजेचा दर युनिटमागे दहा-बारा रुपये निघत होता, तो २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आला. देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. वीज तयार होते की नाही हा वाद त्यामुळे संपलेला आहे. ती कोणत्या वेळी मिळते आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे प्रश्न उरतात.

लाइट गेली की सोलरही का बंद पडते?

सर्वाधिक निराशा येथे होते. घरावर दीड-दोन लाखांचा संच बसवला, दुपारी बाराचे ऊन आहे, आणि गावची लाइट गेली तर घरातला पंखाही थांबतो. आपल्याला फसवले, असे घरमालकाला वाटते.

यात संचाचा दोष नसतो. सूर्यघर योजनेत घरावर बसणारे संच बहुतांशी 'ऑन-ग्रिड' असतात, म्हणजे महावितरणच्या तारांशी जोडलेले. पॅनेलमधून येणाऱ्या विजेचे घरगुती विजेत रूपांतर करणारा इन्व्हर्टर सतत तारेवरचा दाब आणि ५० हर्ट्झची लय तपासत असतो. बाहेरची वीज गेली की तो क्षणभरात स्वतःला बंद करतो. तसे झाले नाही, तर डीपी बंद करून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातातील तारेत तुमच्या गच्चीवरची वीज उतरेल. जीव वाचवणारी ही सोय नियमानेच बंधनकारक आहे.

लाइट गेल्यावरही वीज हवी असेल, तर बॅटरीसह चालणारा 'हायब्रिड' संच घ्यावा लागतो. त्याचा खर्च बराच वाढतो आणि केंद्राचे अनुदान मात्र पॅनेलच्या क्षमतेवर ठरते, बॅटरीसाठी वेगळे मिळत नाही. ज्या गावात दिवसा तासन्‌तास वीज जाते, तेथे ऑन-ग्रिड संचाचे तेवढ्या तासांचे उत्पादनही बुडते. विक्रेता तोंडाने क्वचितच सांगतो, म्हणून हे येथे स्पष्ट लिहितो: ऑन-ग्रिड संच बिल कमी करण्यासाठी आहे, भारनियमनावरचा तो उपाय नाही.

नेट मीटर आणि घरचा हिशेब

दुपारी घरातली माणसे शेतात किंवा कामावर असतात, तेव्हा छतावरची वीज महावितरणच्या तारेत जाते, आणि रात्री कूलर लागतो तेव्हा तीच तारेतून परत घेतली जाते. या देवाणघेवाणीची नोंद ठेवणारा मीटर म्हणजे नेट मीटर. सुगीत शेजाऱ्याला पायलीभर ज्वारी द्यावी आणि अडल्या दिवशी तेवढीच मागून आणावी, तसा हा हातउसन्याचा व्यवहार आहे. मात्र त्याला अटी आहेत. आर्थिक वर्ष संपताना खात्यावर शिल्लक राहिलेले युनिट महावितरण बऱ्याच कमी दराने विकत घेते. शिवाय राज्यात सकाळी ९ ते सायंकाळी ५ हे 'सौर तास' मानून वेळेनुसार वेगळे वीजदर लावण्याकडे कल वाढतो आहे. दुपारी दिलेले आणि रात्री घेतलेले युनिट कायम समान मोलाचे राहील, असे गृहीत धरून कोणीही कर्ज काढू नये.

आता खर्च पाहू. सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. ज्या घराचा वापर महिन्याला अडीचशे युनिटच्या आसपास आहे त्याला दोन किलोवॅट पुरतात, कारण तो संच महिन्याला साधारण २४० युनिट देतो. असा संच सव्वा लाखाच्या घरात बसला, तर अनुदान वजा जाता पासष्ट हजार रुपये खिशातून जातात. वाचलेले युनिट सरासरी आठ रुपयांचे धरले, तर वर्षाला तेवीस हजारांची बचत होते आणि तीन वर्षांत पैसे वसूल होतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

महिन्याला सत्तर-ऐंशी युनिट वापरणाऱ्या घराचे गणित वेगळे आहे. त्याचे बिलच मुळात पाच-सहाशे रुपयांचे आणि सर्वांत स्वस्त टप्प्यातले असते. अशा घराला खर्च भरून निघायला सहा-सात वर्षे किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. शेजाऱ्याने बसवले म्हणून घाई करण्याऐवजी स्वतःची बारा महिन्यांची बिले समोर ठेवून बेरीज करावी. खानदेशात एप्रिल ते जूनची बिले कूलरमुळे फुगलेली असतात, त्यामुळे एका महिन्याच्या बिलावरून संचाचा आकार ठरवला तर तो हमखास चुकतो.

गच्ची कोणाची?

एका किलोवॅटला साधारण ७० ते १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. जुन्या गावठाणातील धाब्याच्या घरांवर संच बसवणे जोखमीचे आहे. पॅनेलच्या वजनापेक्षाही त्याला खालून उचलणाऱ्या वाऱ्याचा जोर मोठा असतो आणि मातीच्या धाब्यात बोल्ट धरत नाहीत. रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनमध्ये केळीच्या बागा आडव्या करणारी वादळे येतात हे सांगायला नको. त्यामुळे स्वस्तातल्या पातळ सांगाड्यावर समाधान मानू नये आणि संचाचा विमा काढावा. पॅनेलची काच २५ मिलिमीटर जाडीच्या गारेचा मार सहन करते की नाही, हे कारखान्यात तपासलेले असते. त्याहून मोठ्या गारा आपल्याकडे पडतच नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही.

आणखी एक अडचण बैठकीत सहसा निघत नाही, कारण बैठकीला पुरुष बसलेले असतात. उन्हाळ्यात हीच गच्ची बिबड्या, कुरडया आणि पापड वाळवण्याची असते आणि रात्री घरातली माणसे तेथेच झोपतात. पॅनेल जमिनीलगत बसवले की ती जागा गेली. सात-आठ फूट उंच सांगाड्याला खर्च जास्त येतो, पण खाली वावरता येते आणि स्लॅबवर सावलीही राहते. संच कोठे आणि किती उंच बसवायचा हे घरातल्या बाईला विचारूनच ठरवावे, असे मी आग्रहाने म्हणेन. धूळ पुसण्याचे कामही बहुतेक घरांत तिच्याकडेच येते.

खरा प्रश्न शेताचा

खानदेशात सौर विजेचे सर्वांत मोठे काम घरात नाही, शेतात आहे. शेतीला थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीच्या पाळीत केळीला किंवा कपाशीला पाणी भरायचे म्हणजे विंचू-साप, सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या, ओल्या पायांनी स्टार्टरपाशी जाणे आणि झोपेचे खोबरे. दिवसा वीज द्या ही मागणी म्हणूनच जुनी आहे, आणि सूर्याची वीज नेमकी दिवसाच मिळते. घराची गरज संध्याकाळी वाढते, पण पिकाला पाणी दुपारी दिले तरी चालते. साठवणुकीची गरज येथे जवळजवळ नाही, आणि मला हा सगळ्यांत भक्कम मुद्दा वाटतो.

'मागेल त्याला' योजनेत अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यावर ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते. ज्यांच्या बांधापर्यंत खांबच गेलेले नाहीत, त्या अक्कलकुवा-धडगावच्या डोंगराळ भागातील शेतकऱ्याला हा पंप म्हणजे थेट पाणीच आहे.

रावेरच्या केळीवाल्याची तक्रार मात्र वेगळी असते: "सकाळी मोटार फिरते, पण पाणी येत नाही." ही तक्रार खोटी नाही. सकाळी साडेसात-आठला कंट्रोलरच्या, म्हणजे उन्हाप्रमाणे मोटारीचा वेग ठरवणाऱ्या पेटीच्या, पडद्यावर वेगाचा आकडा हळूहळू चढत असतो, म्हणजे मोटार अजून कमी वेगाने फिरत असते. पंपाचा वेग २० टक्क्यांनी घटला, की पाणी वर चढवण्याची त्याची ताकद जवळपास ३६ टक्क्यांनी घटते. उथळ विहिरीत त्याने धार बारीक होते, एवढेच. खोल बोअरमध्ये पाणी पाइपात निम्म्यावर येऊन थांबते आणि ऊन पुरते चढेपर्यंत बाहेर पडतच नाही. ढग आडवा आला की पुन्हा तेच. ज्याच्याकडे दहा-पंधरा अश्वशक्तीच्या मोटारी आहेत आणि ठिबकच्या व्हॉल्व्हवर ठरावीक दाब लागतो, त्याला साडेसातचा सौर पंप अपुरा वाटणारच.

अशा शेतकऱ्यासाठी दुसरा मार्ग जास्त योग्य आहे. उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणाऱ्या वेगळ्या तारेला फीडर म्हणतात. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' मध्ये उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा प्रकल्प उभारून तो संपूर्ण फीडर दिवसा चालवला जातो. शेतकऱ्याची मोटार तीच राहते, पॅनेल सांभाळायचे नाही, चोरीची भीती नाही, ढग आला तर ग्रिडची वीज आधाराला असते. दाट बागायती पट्ट्यात फीडर आणि विखुरलेल्या डोंगराळ भागात स्वतंत्र पंप, अशी सरळ विभागणी व्हावी, असे माझे मत आहे. नवीन वीजजोडणी मागणाऱ्या प्रत्येकाच्या हाती सरसकट सौर पंपाचाच अर्ज देणे हे लोकांचे मन सोलरपासून उडवण्याचा खात्रीचा रस्ता आहे.

"साडेसात अश्वशक्तीपर्यंत शेतीची वीज सरकारने माफच केली आहे, मग सोलर कशाला?" असेही विचारले जाते. बळीराजा मोफत वीज योजनेची मुदत एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी आहे. शिवाय माफ झालेली वीज रात्रीच मिळत असेल, तर पैसे वाचले तरी जागरण वाचत नाही.

एक धोका मात्र सौर पंपाच्या यशातच आहे. विजेचे बिल नाही आणि ऊन दिवसभर आहे, म्हटल्यावर पंप बंद करण्याचे कारण उरत नाही. रावेर आणि यावल हे भूजलाचा अतिउपसा झालेले तालुके आहेत. तेथे ठिबक आणि पुनर्भरण यांच्याशिवाय नुसते पंप वाटत गेलो, तर पाणी आणखी खोल जाईल, आणि मग वर सांगितल्याप्रमाणे सौर पंपाचीच ताकद आधी अपुरी पडेल.

पावसाळा आणि रात्र

जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत उत्पादन निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. पंपाला त्याची फारशी झळ बसत नाही, कारण तेव्हा पाण्याची गरजही कमी असते. घराला नेट मीटर सांभाळून घेतो. राज्याच्या विजेचा विचार करता अडचण रोज संध्याकाळी येते. सूर्य मावळतो आणि त्याच वेळी दिवे, टीव्ही, कूलर सुरू होतात. आज ती वेळ मुख्यतः दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रांवर आणि कोयनेसारख्या जलविद्युत प्रकल्पांवर निभावते. मोठ्या बॅटऱ्या आणि पाणी वर चढवून रात्री सोडणारे प्रकल्प उभे राहीपर्यंत औष्णिक केंद्रे बंद करता येणार नाहीत. पण दुपारी जेवढी सौर वीज येईल, तेवढा दीपनगरला जाळावा लागणारा कोळसा कमी होईल. कोळशाच्या एका युनिटमागे अर्ध्या किलोपेक्षा जास्त कोळसा जळतो आणि त्याची राख भुसावळ परिसरात काय करते, हे तेथील लोकांना ठाऊक आहे.

पॅनेलमुळे पाऊस पळतो का?

साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी ढग पळवले अशी समजूत पसरली होती. आता तेच पॅनेलबद्दल ऐकू येते. खानदेशचा पाऊस समुद्रावरून शेकडो किलोमीटर अंतर कापून येणाऱ्या वाऱ्यांवर ठरतो, काही एकरांवरील काचांनी तो अडत किंवा हटत नाही. प्रकल्पाचा आसपासच्या हवेवर काहीच परिणाम होत नाही, असेही म्हणता येत नाही. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या सौर प्रकल्पात रात्रीचे तापमान लगतच्या मोकळ्या जमिनीपेक्षा तीन-चार अंशांनी अधिक आढळले. हा फरक प्रकल्पापुरता आणि त्याच्या कडेपुरता असतो. म्हणून मोठा प्रकल्प वस्तीला खेटून नसावा आणि त्याच्या सीमेवर झाडे असावीत, ही मागणी ग्रामसभेने जरूर करावी.

जमीन देताना

एका मेगावॅटला चार ते पाच एकर जमीन लागते. खानदेशात सोलरबद्दलचा सर्वांत खोल अविश्वास या जागेवरून आहे आणि त्याला कारण आहे. शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन वीज प्रकल्पासाठी संपादित झाली होती. मोबदला अन्यायकारक आहे ही तक्रार घेऊन खेटे घालूनही दाद लागली नाही, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. ही घटना येथे कोणी विसरलेले नाही, आणि कोणी विसरा म्हणूही नये. 'पडीक' असे कागदावर लिहिलेले गायरानही प्रत्यक्षात कोणाच्या तरी शेळ्या-गुरांचे चराऊ रान असते.

सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन विकत न घेता भाड्याने घेतली जाते. हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर आहे. कोरडवाहू, हलक्या जमिनीला तो निश्चितच परवडतो. बागायतीला परवडतो असे मी म्हणणार नाही. करार पंचवीस-तीस वर्षांचा, म्हणजे एका पिढीचा असतो, त्यामुळे तो मराठीत वाचून घेतल्याशिवाय आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. भाडे कोणत्या तारखेला जमा होईल आणि उशीर झाला तर व्याज किती, कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर देणे कोणाकडे, जमीनमालकाच्या पश्चात वारसांची नावे कशी लागतील, या जमिनीवर कंपनी कर्ज काढू शकते का, आणि मुदत संपल्यावर लोखंड, काँक्रीटचे पाये व जुनी पॅनेल स्वखर्चाने उचलून जमीन नांगरण्याजोगी करून देण्याची जबाबदारी कोणाची, ही पाच कलमे करारात शब्दशः असायला हवीत. शेवटच्या कलमाला कायद्याचाही आधार आहे. २०२२च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झालेला असल्याने टाकाऊ पॅनेल बांधावर किंवा नाल्यात लोटून देता येत नाहीत, आणि एवढे करारात लिहून द्यायला जी कंपनी तयार होत नाही, तिला जमीन नाकारण्याचा शेतकऱ्याला पूर्ण अधिकार आहे.